भिंतीला सांगितलं होतं

परभणीच्या सिद्धोधन गुरुजींना जिंतूरच्या एका मंगल परिणयात ‘संसारातलं प्रेम’ या विषयावर बोलायचं होतं, आणि घरात चार दिवसांपासून बायको त्यांच्याशी बोलत नव्हती. आता याला काय म्हणावं? चूक गुरुजींचीच. बहिणीकडं जेवताना, अशी धपाटी आमच्या घरी होत नाहीत, असं बोलून गेले. बहिणीनं ते फोनवरून सत्यशीलाबाईंना कळवलं, वर पदरचं थोडं तिखट-मीठ लावून.

पस्तीस वर्षांत त्या घरात अबोल्याचे नियम पक्के झाले होते. जेवण वेळेवर मिळायचं, बीपीची गोळी वाटीत ठेवलेली असायची. बोलायचं मात्र भिंतीशी. आणि भिंतीला सांगितलेलं जो ऐकेल, तो हरला. निघायच्या दिवशी सत्यशीलाबाई भिंतीला म्हणाल्या, “चष्मा टेबलावरच राह्यला कुणाचा तरी.”

गुरुजींना लख्ख ऐकू आलं. पण लगेच उचलायचा म्हणजे चार दिवसांचा ताठा पाण्यात. बाहेर पडताना हळूच घेऊ, असं मनाशी म्हणाले, तेवढ्यात दारात ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला आणि ते राहूनच गेलं.

दोघं मांडवात पोचल्यावर गुरुजींनी खिसा चाचपला. भाषण होतं, बारीक अक्षरातली सहा पानं. चष्मा नव्हता. नवरीचा बाप धम्मपाल त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं पत्रिकेत ‘प्रमुख वक्ते’ म्हणून गुरुजींचं नाव छापलेलं. गुरुजींनी त्याचा चष्मा लावून पाहिला, तर अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. आणखी दोघांचे मागितले, ते लांबचं बघायचे निघाले. तोवर बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि माइकवरून नाव पुकारलं गेलं.

“प्रेम म्हणजे...” इथवर पाठ होतं. पुढचं आठवेना. पाचशे माणूस तोंडाकडं बघायलेलं. पहिल्याच रांगेत सत्यशीलाबाई मांडवाचं छत न्याहाळत बसलेल्या. गुरुजींनी पान जवळ धरलं, लांब धरलं, आणि शेवटी खाली ठेवलं.

“सत्यशीला, चुकलं माझं,” ते माइकमधूनच म्हणाले. “तुझ्या धपाट्याची सर कुणालाच न्हाई. आता काय करू सांग.”

सत्यशीलाबाई उठल्या, पर्स उघडली आणि चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

“आधी का न्हाई दिलास?” गुरुजी पुटपुटले, पण माइक चालूच होता.

“भिंतीला सांगितलं होतं की.”

मांडव हसून हसून लोळला. लोकांना वाटलं, झालं भाषण. टाळ्या पडल्या, धम्मपालनं हार घातला आणि पंगतीची सूचना झाली. लय कमी शब्दांत लय मोठं सांगितलंत, असं जो तो गुरुजींना सांगत होता. सहा पानं खिशात तशीच राहिली.

परतीच्या एसटीत गुरुजी सारखे खिशातली पानं चाचपत होते. एवढं खपून लिहिलेलं वाया गेलं, याची रुखरुख जाईना. सत्यशीलाबाईंनी त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं, “मला वाचून दावा.” चार दिवसांनी ती थेट आपल्याशी बोलली, या आनंदानं गुरुजींना भरून आलं. चष्मा लावून ते वाचायला लागले.

दुसऱ्या पानावर सत्यशीलाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं. पहाटेपासूनची दगदग, दुसरं काय! गुरुजी थांबले की त्या चुळबुळायच्या. वाचायला लागले की शांत. म्हणून ते वाचत राहिले. बोरी आली तेव्हा सहावं पान संपलं. परभणी अजून बरीच लांब होती. गुरुजींनी खांदा न हलवता पहिलं पान वर घेतलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागले.