घर घेतलंत? वाईट झालं

आम्ही घर घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मेश्राम काका आमच्याकडे समाचाराला आले.

अभिनंदनाला नव्हे, समाचाराला. पांढरा शर्ट, रिकामे हात. सोफ्याच्या कडेवर बसले, थोडा वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "घर घेतलं म्हणे. वाईट झालं." मी चहाचं विचारलं तर हातानंच नको म्हणाले. पाच मिनिटांनी उठले आणि निघताना 'येतो'सुद्धा म्हणाले नाहीत. माझ्या नवऱ्याला, अमितला, हसू आवरेना. मला मात्र खरोखरच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटायला लागलं.

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनजवळच्या एका लहान गावात आमची चार मजली इमारत आहे. इमारत गावाच्या नगरपालिकेची आणि आम्ही सगळे तिचे भाडेकरू. मग नगरपालिकेनं ठरवलं की ज्याला हवं त्यानं आपलं राहतं घर विकत घ्यावं. जर्मनीत भाड्याचं घर मिळवायला माणूस काय काय करतो ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आम्ही तर अर्जाला मुलीचा हसरा फोटो जोडला होता. तेव्हा राहतं घर स्वतःचं होतंय म्हटल्यावर एकेक जण घेत सुटला.

मेश्राम काका सोडून. काका नागपूरचे. धातूंवर संशोधन करायला इथल्या एका संस्थेत आले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू गेल्यापासून पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात. लेक हॅम्बुर्गला असते. फोनवर ते नागपुरी मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि तरी दोघांचं भांडण व्यवस्थित होतं.

घरं घेणाऱ्यांबद्दल काकांची तक्रार साधी होती. मालकी चढली की माणूस बिघडतो. जिन्यात गाठून, जर्मन 'तर मग' आधी लावून ते सांगायचे, "आल्झो, नगरपालिका आपली सगळ्यांची सासू होती. सासू एक असली की जावाजावांचं जमते. आता जो तो सासू होऊन राहिला."

पुराव्याला दुसऱ्या मजल्यावरचा श्मिट होता. पूर्वी वर पाय वाजले की तो छताला झाडूचा दांडा लावायचा आणि विसरून जायचा. घर घेतल्यापासून तो कायद्याची कलमं सांगायला लागला, आणि जाता-येता कलिंगड निवडावं तशा भिंती टिचक्या मारून बघायला लागला. मग मालकांच्या सभा सुरू झाल्या. जिन्याला पांढरा रंग द्यायचा की मोतिया, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. काका भाडेकरू, त्यांना सभेत प्रवेश नव्हता. सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी ते ताजेतवाने उभे असायचे. "काल कोण जिंकलं?"

वाईट याचं वाटायचं की त्यांचं चुकत नव्हतं. एकदा कुणाच्या तरी पोराची स्कूटर जिन्यातल्या भिंतीला टेकलेली दिसली आणि ती उचलून बाजूला ठेवताना माझ्या तोंडून "माझी भिंत" असं निघालं. मागून आवाज आला, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर. वळून पाहिलं तर काका दळण दळून झालेल्या माणसाच्या समाधानानं वर चालले होते.

शेवटी ते तक्रार घेऊन राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुचवलं की, इतकं मनाला लागत असेल तर तुम्हीही तुमचं घर घेऊन टाका. काका संतापून परतले. "चोरी झाली म्हणून सांगायला गेलो, तर त्यांनी मला त्यातला वाटा देऊ केला," असं ते पुढे महिनाभर सांगत होते.

आमच्या सर्वात वरच्या मजल्यावर लेन्झबाई राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ. घर त्यांनीही घेतलं नव्हतं, कारण त्या वयाला बँक कर्ज देत नाही. मग नगरपालिकेनं ते बाहेरच्यांना दाखवायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक म्हणून एक सभ्य गृहस्थ फीत घेऊन आला. त्यानं खोल्या मोजल्या, बाल्कनी मोजली, आणि लेन्झबाई बाल्कनीतच बसलेल्या होत्या म्हणून त्यांच्याभोवतूनही मोजलं. कायद्यानं काही वर्षं त्यांना कुणी हलवू शकणार नव्हतं. पुढे मात्र 'मलाच इथे राहायचंय' असं मालक म्हणू शकतो. आम्ही सगळ्यांनी त्यांना धीर दिला. त्यांनी मान डोलावली आणि बाल्कनीतल्या जिरेनियमच्या कुंड्या वाटून टाकायला सुरुवात केली.

एक कुंडी आम्हाला मिळाली. एक काकांना मिळाली. ती हातात धरूनच ते संध्याकाळी आमच्या दारात आले, आणि घर घेताना नोटारसमोर, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, नेमकं काय करावं लागतं, असं त्यांनी विचारलं.

बाहेरच्याआधी इमारतीतल्याच कुणी मागितलं तर नगरपालिका त्याला घर देते. काकांनी लेन्झबाईंचं घर मागितलं. स्वतःचं नाहीच घेतलं. तिथे ते आजही नगरपालिकेचेच भाडेकरू आहेत. पैशांसाठी त्यांनी नागपूरबाहेरचा प्लॉट विकला. निवृत्तीनंतर परत जाऊन तिथे घर बांधायचं, असं काकूंचं आणि त्यांचं ठरलेलं होतं.

नोटारकडे सोबतीला अमित गेला होता. नोटारनं नियमाप्रमाणे सगळा करार मोठ्यानं वाचला आणि काकांनी पोथी ऐकावी तसा डोळे मिटून तो ऐकला. परतताना गाडीत अमितनं प्लॉटचं विचारलं.

"तिथं घर बांधून सकाळी भांडलो कोणाशी असतो?" काका म्हणाले. "ओळखीचं कोणी उरलं नाही बाप्पा."

मालकांच्या सभेत आता काकांना खुर्ची आहे. ते सगळ्या ठरावांना विरोध करतात. पण त्यांचा खरा छळ वरच्या मजल्यावरून होतो. इतकी वर्षं नगरपालिकेकडे चकार शब्द न काढलेल्या लेन्झबाईंना मालक मिळाल्यापासून तक्रारींचा पाझर फुटलाय. हीटर खडखडतो. नळ ठिबकतो. दाराची मूठ सैल झाली. काका पक्कड घेऊन जिना चढतात आणि भेटेल त्याला सांगतात, "हे भाडेकरू लोक फार माजले."

परवा रविवारी दुपारी त्यांनी मला मदतीला वर नेलं. लेन्झबाईंची खिडकी अडकत होती, ती मी धरायची आणि त्यांनी बिजागरी बघायची. मी खिडकीला हात लावला तर ती एका बोटानं उघडली. बंदही तशीच झाली.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बिजागरीचा एक स्क्रू सावकाश काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा तिथेच बसवला. टेबलावर दोन कप मांडलेले होते, मधे प्लमचा केक. लेन्झबाई तिसरा कप आणायला आत गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, की झाली का खिडकी.

"नाही," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघावी लागेल."