साडेबाराची उभी कॉफी

अण्णा सकपाळांच्या घरी कॉफी बसून प्यायला मनाई आहे. चहा बसून चालतो, जेवण बसून होतं, पण कॉफी म्हटली की पाहुण्यानं उठायचं, ओट्यापाशी जायचं आणि उभ्यानं तीन घोटांत संपवायची. तीन घोट म्हणजे किती, ते मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजलं आहे. तीन झाकणं, तीस मिली. त्याआधी अर्धा पेला पाणी. कप रिकामा झाला की अण्णा त्यावर चमच्यानं दोनदा वाजवतात, टण टण, आणि म्हणतात, "चला!"

ही डबल बेल. अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मूळचे वरंधच्या वरच्या वाडीतले, आता महाडात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. इटलीला ते कधीच गेलेले नाहीत. गेली ती त्यांची मुलगी सोनाली, चार वर्षांपूर्वी, मिलानला नोकरीसाठी. तिनं तिकडून कॉफीची एक आठकोनी किटली धाडली आणि दर रविवारी फोनवर तिकडच्या गमती सांगितल्या. त्या गमतींचे अण्णांनी नियम केले.

"सर, तिकडं दुकानात शिरलं की आधी 'ब्वोनजोर्नो' म्हणायचं. रामराम घातल्याबिगर काय मागायचं नाय. समोर माणूस उभा हाय, नळ नाय, गेलं नि सोडला!"

दुसरा नियम त्यांना सगळ्यांत प्रिय. तिकडे बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती दाखवली की मग कॉफी. "म्हंजे आधी तिकीट! शिस्तीचा मुलूख हाय."

तिसरा नियम दुधाचा. अकरानंतर तिकडे कुणी दुधाची कॉफी मागत नाही. मी गणिताचा शिक्षक. माझी शाळा सकाळची, बारा वाजून दहा मिनिटांनी मी घरी असतो. एकदा मी थोडं दूध मागितलं.

"सर, दूध अकराला बंद."

"अण्णा, तुमच्या मागे पातेलं भरलेलं दिसतंय."

"पातेल्याचा प्रश्न नाय. टायमाचा हाय."

टाइमाचे ते इतके पक्के की त्यांची स्वतःची कॉफी बरोबर साडेबाराला. मिनिट इकडचं तिकडे नाही. पण मार्च संपता संपता ती एकाएकी साडेअकराला येते आणि ऑक्टोबर सरताना पुन्हा साडेबारावर जाते. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "उन्हाळी टाइमटेबल." मला हे उत्तर कधीच पटलं नाही. एखादी संख्या विनाकारण बदलली की मला चैन पडत नाही.

आणि गंमत म्हणजे अण्णांना कॉफी आवडत नाही. "तोंड बघा तेंचं," इंदूकाकू म्हणतात. "काढा घेतायत जसा! एकतीस वर्षं उभं राहून पाय नाय दुखले, आता घरात पन उभे."

गेल्या डिसेंबरात सोनालीचा फोन आला. मार्को नावाच्या मुलाशी लग्न ठरतंय आणि त्याची आई घर बघायला तिच्याबरोबर येतेय. अण्णा तडक माझ्याकडे आले, तेही चपला न घालता.

"सर, चार वर्षांनी पोर येतेय, ती पन सासूला घेऊन. माझ्या एका चुकीपायी तिला मान खाली घालाय लागू नये. बास."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चाळीत तालीम सुरू झाली. वडीलधाऱ्यांना 'चाओ' म्हणायचं नाही, ते बरोबरीच्यांना. दुपार कलली की 'ब्वोनजोर्नो' बंद, 'ब्वोनासेरा' सुरू. आणि भेटल्यावर गालाला गाल लावायचा, आधी डावा, मग उजवा. इथे समोरच्या खोलीतल्या कदमवहिनी उठल्या.

"अण्णा, मी लांबनं नमस्कार करीन. गालबिल काय नाय हां!"

"अवो, लावायचा नुसता. आवाज हवेत काढायचा."

"मग तुमीच काढा."

शेवटी गालाचं काम एकट्या अण्णांकडे आलं. इंग्रजी सांभाळायला मला बसवलं. ठरल्या दिवशी सोनालीबरोबर पाहुण्या रायगड बघून, हिरकणीवाडीत जेवून चार वाजून चाळीस मिनिटांनी दारात आल्या. थोराड, हसऱ्या बाई. त्यांनी आधी चपला काढल्या. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभे होते. "ब्वोनासेरा!" म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी डावा गाल पुढे केला.

त्याच क्षणी बाई खाली वाकल्या आणि त्यांनी अण्णांच्या पायांना हात लावला.

गाल हवेत राहिला. अण्णांनी डोळे उघडले, समोर कुणी नाही. खाली बघितलं आणि मागे उडी मारली ती थेट ओट्यावर आदळले.

"अवो, अवो! उलटं झालं! वरमाय पोरीच्या बापाच्या पाया पडती होय?"

इंदूकाकूंनी पदर तोंडाला लावला. बाई घाबरून सोनालीकडे बघू लागल्या. त्यांचा चेहरा मी ओळखला. गेला महिनाभर मी तोच चेहरा शेजारी अण्णांचा बघत होतो.

सोनाली हसून हसून भिंतीला टेकली. "बाबा, मीच त्यांना सांगितलं होतं, मोठ्यांच्या पाया पडायचं म्हणून. विहीणबाईंनी पडायचं नसतं, हे सांगायला विसरले. गाडीत दोन तास सराव करत होत्या."

मग बाईही हसल्या, आणि सगळ्यांत शेवटी अण्णा. त्यांनी किटली उचलली. बाई सोनालीला हळूच काहीतरी म्हणाल्या.

"बाबा, त्यांना चहा हवाय. दुधाचा. आणि बसून."

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. "दुधाचा? आता?"

"ऱ्हावू द्या तुमचा डेपो बंद," इंदूकाकू म्हणाल्या. त्यांनी चहा केव्हाच चढवला होता.

बाई चटईवर बसल्या. गुडघे वाजले, पण बसल्या. दोन कप चहा आणि तीन घावनं झाली. तिसऱ्या घावनाला अण्णांचे खांदे खाली आले. ते त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ टेकून बसले, कप हातात घेतला आणि माझ्याकडे वळून पुटपुटले, "सुटलो, सर."

निघताना दारात मी सोनालीला सहज म्हटलं, "तुझ्या बाबांची कॉफी म्हणजे रोज साडेबारा. फक्त मार्चअखेरपासून साडेअकरा. उन्हाळी टाइमटेबल म्हणे."

चपलेच्या पट्ट्यावर तिचा हात थांबला.

"मार्चअखेर तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, सर. ऑक्टोबरात मागे." मग पट्टा ओढत म्हणाली, "मी सकाळी आठला ऑफिसखाली उभ्यानं कॉफी पिते. एकटीच. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात बाबांना एकदा बोलले होते. एकदाच."

मी तिथल्या तिथे गणित केलं. हिवाळ्यात आपलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे; आठमध्ये साडेचार मिळवले, साडेबारा. उन्हाळ्यात साडेतीन मिळवले, साडेअकरा. उत्तर दोन्ही वेळा बरोबर होतं. चार वर्षं माझी नुसती बेरीज करायची राहिली होती.

त्या दोघी मिलानला परत गेल्यावर आठवड्यानं मी शाळेतून जरा उशिरा आलो तो अण्णांचं दार उघडं होतं. साडेबारा वाजलेले. अण्णा ओट्यापाशी उभे, आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून कपबशांचा आवाज येत होता. बोलत कुणीच नव्हतं. अण्णांनी तोंड वाकडं करत तिसरा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चमचा उचलला नाही. थांबले.

फोनमधून आलं, टण टण.

"चला," अण्णा म्हणाले.