न पाहिलेली पृथ्वी

"आज बी शाळा नदीतच भरली व्हय?" पवनेवर धुणं आपटणारी एक बाई दुसरीला म्हणाली.

खरंच भरली होती. धोतर खोचून ढवळे मास्तर खडकातल्या रांजणाएवढ्या खळग्यात उतरले होते आणि तळाचे गोटे हाताने फिरवून दाखवत होते. "पाणी गोटे फिरवतं, गोटे खडक कोरतात. पटलं का, ठकू?"

"आजी म्हनती, भीमानं कोरलं."

"आजीनं बघितलं का? विचारून ये."

ठकू खरोखर विचारून आली. आजीने बघितलं नव्हतं.

रहाटणीच्या शाळेत मास्तरांचा एकच कायदा होता: जे पाहिलं नाही, ते छातीठोकपणे सांगायचं नाही. वावटळ आली की पोरं भुताच्या भीतीने घरात पळत आणि मास्तर टोपी धरून तिच्यामागे. एकदा टोपी गेलीच. ती शोधायची सोडून मास्तर ती किती उंच गेली तेच सगळ्यांना सांगत सुटले. "मास्तर, ताप आलाय वाटतं," असं कुणी म्हटलं, तर म्हणायचे, "वाटतं कशाला? हात लावून बघ."

माझ्या वडिलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून मी इकडे आले. पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. या शाळेत मदतीला लागले खरी, पण हजेरी घेण्यापलीकडे माझं तोंड उघडत नसे.

मग एक दिवस दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब आले. त्यांनी ठकूला सोपाच प्रश्न विचारला. "पृथ्वी कशी आहे?"

"ठावं न्हाई, सायेब. आमी अजून बघितली न्हाई."

बाकीच्या पोरांनी समाधानाने माना डोलावल्या. साहेबांनी वही काढली. "चौथीच्या मुलीला पृथ्वी गोल आहे हे येत नाही. ढवळे, तुमची बदली करावी लागेल."

मास्तर एकटे. शाळेच्या पडवीतच राहत. एक चूल, एक ट्रंक. दुसरं घर नव्हतं. पण ठकूचे डोळे भरलेले पाहून ते आधी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "चूक माझी आहे, साहेब. तिच्या नावापुढे काही लिहू नका." धोतराचा सोगा त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तर कॉन्व्हेंटच्या. तुम्हाला तरी येतं ना?"

मी उठून उभी राहिले.

"येतं, साहेब. सहाव्या वर्षापासून पाठ आहे. पण ती गोल आहे हे कळलं कसं, ते मला अजून सांगता येत नाही. मास्तर गेले तर मी विचारू कुणाला?"