मानाची सिलिंडरं

भगवंतराव सावे बोईसरच्या आपल्या खोक्यांच्या कारखान्यात शिरले आणि दारातच थबकले. आग विझवायची दोन नवी लाल सिलिंडरं भिंतीवर नव्हती. ती पाटावर बसली होती. गळ्यात झेंडूच्या माळा, पोटावर हळदीकुंकू, पुढ्यात नारळ. आणि पाट मांडला होता नेमका संकटकाळी बाहेर पडायच्या दारात.

"मैनाबाई, हे काय?"

"खंडेनवमी नाय का आज, शेट." कुंभवलीच्या मैनाबाई खोकी चिकटवणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या, आणि कारखान्यातल्या देवधर्माचं खातंही आपसूक त्यांच्याकडेच होतं. "मशिनींची पूजा झाली. ही नवी आलीत, म्हणून आरतीचा पयला मान यांचा."

"अहो, आत्ता कारखान्याच्या आणि टेम्पोच्या विम्याचा सर्व्हेअर येतोय. पॉलिसी आज संपते. त्याला पटलं नाही तर उद्यापासून कारखाना उघड्यावर, आणि टेम्पोनं कुणाला ठोकलं तर निस्तरायचं मी. उचला ती."

"आता कशी उचलू? उद्या उत्तरपूजा झाली की उचलू. तवर हात नाय लावायचा."

गेला महिनाभर भगवंतरावांना दुसरा उद्योग नव्हता. वायरी बदलल्या, दारातले पुठ्ठ्याचे गठ्ठे हलवले, 'धूम्रपान निषिद्ध'चा फलक लावला. सगळ्यांना जाड तळाचे बूट घ्यायला लावले आणि टाचेला फोड आले तरी स्वतःही घालून हिंडले. टेम्पोला मागचं दाखवणारा कॅमेरा बसवला. आता त्या फलकाखाली उदबत्त्यांचा अख्खा पुडा धुमसत होता. आणि टेम्पोकडे बघवत नव्हतं.

"पंढरी, कॅमेरा कुठाय?"

"मागं केळ बांधलीय, तिच्या आड," ड्रायव्हर पंढरी म्हणाला. "पुढच्या काचेवर पण एक बांधलीय. आज गाडी काढायची नाय, मंग दिसून काय करायचं?"

तेवढ्यात सर्व्हेअर मनीष चुरी आलाच. त्यानं सगळं निरखून पाहिलं. मैनाबाईंनी त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं. "पावणे आलात, तुमीच ओवाळा."

सर्व्हेअरनं भीतभीत ताट फिरवलं. कापराची पेटती वडी घरंगळली आणि पाटाखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यानं पेट घेतला.

"सिलिंडर घ्या, सिलिंडर," सर्व्हेअर ओरडला. भगवंतराव झेपावले.

"शेट, पायात बूट," मैनाबाई म्हणाल्या.

आणि समोर आग दिसत असताना भगवंतराव चक्क खाली बसून नाड्या सोडू लागले. त्यात गाठ बसलेली. एक बूट निघेपर्यंत पंढरीनं टेम्पो धुवायची बादली ओतून आग विझवलीसुद्धा.

"लिहा साहेब, काय लिहायचं ते," एका पायात बूट घातलेले भगवंतराव म्हणाले.

"आज कसं लिहिणार?" सर्व्हेअर ओशाळला. "टॅब घरी पूजेत आहे. आईनं खिशातलं पेनसुद्धा काढून घेतलं. आज नुसतं बघून जातो. उद्या उत्तरपूजा आटोपली की येतो, तोवर सगळं जागच्या जागी लावून ठेवा."

"पण पॉलिसी आज संपते. आजची रात्र कारखाना कुणाच्या भरवशावर सोडू?"

मैनाबाईंनी पाटाकडे बोट दाखवलं.

"हे बसलेत ना."

भगवंतरावांनी सिलिंडरांकडे पाहिलं, सर्व्हेअरकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरा बूटही काढला.