अंगणातलं पाणी आणि काकांचा बूट

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी हातात कुदळ घेतली. वेळ पक्की लक्षात आहे, कारण छोटी तेव्हाच झोपली होती आणि ती किती झोपते ते मी घड्याळात बघते. (श्वास घेतेय का, तेही बघते. खात्री वाटली नाही तर उठवून बघते. मग ती रडते आणि मला हायसं वाटतं.)

पाऊस झाला की आमच्या अंगणात घोट्याएवढं पाणी साचायचं आणि दिवसचे दिवस हलायचं नाही. छोटी नुकतीच चालायला लागलेली. दार उघडं दिसलं की थेट पाण्याकडे. माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते यायचं. ह्यांना सांगितलं की म्हणायचे, "रविवारी बघू." रविवारी खरंच बघायचे. खिडकीतून.

म्हटलं, आपणच चर खणू. उतार मला पाठ होता. छोटीचा चेंडू नेहमी घरंगळत शेजारच्या भिंतीकडे जायचा, आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं. ते रस्त्यावरच्या गटारात निघतं असं मी धरून चालले. एक बादली ओतून पाहिली, पाणी दिसेनासं झालं. (मला दिसत नाही म्हणजे ते गेलंच, हे माझं शास्त्र.) सातवीपर्यंतच्या भूगोलात पाणी उताराकडे वाहतं एवढंच होतं. उतार कुणाच्या घरात संपतो, ते बहुधा आठवीत असावं.

चर झाला. तळहातांना फोड आले, पण पाणी सरसर निघालं आणि अंगणातली जमीन दिसायला लागली. मी चौकटीला टेकून उभी होते, तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खराटा. काकू एकट्या राहतात. दुपारी छोटीला त्याच सांभाळायच्या. तिला ज्यांच्याकडे देऊन मी डोळा मिटू शकायचे, असं जगात तेवढं एकच माणूस. (ह्यांच्याकडे दिली की मी दाराआड उभी राहते.)

"तुझ्याकडे पाणी आलंय का गं?"

"आलं होतं काकू. गेलं."

"कुठे?"

"गेलं एकदाचं. मीच घालवलं."

"अगं, माझ्याकडे आलंय."

मी धावले. त्यांच्या मागच्या दारातून पाणी स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या खोलीत शिरलं होतं. मागच्या दाराशी काकांचे तपकिरी बूट असायचे. काका गेले तेव्हापासून काकू ते पुसायच्या, पण जागचे हलवायच्या नाहीत. आता एक खाटेखाली उलटा पडला होता. दुसरा नव्हता.

"पुढच्या दाराने पाणी लोटत होते ना," काकू म्हणाल्या, "मीच लोटला असेन गं."

मी संध्याकाळपर्यंत काठी घेऊन गटार ढवळलं. एक डाव, एक बाहुली आणि कुणाची तरी कवळी मिळाली. बूट नाही. हे कामावरून आले, माझ्या हातातली काठी घेतली आणि अंधार पडेपर्यंत पुढच्या वळणापर्यंत बघून आले.

काकूंनी उरलेला बूट पुसून जागेवर ठेवला. जरा वेळ बघितलं. "एकटा बरा दिसत नाही," म्हणाल्या, आणि कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी छोटीला घेऊन गेले, तर आतूनच आवाज आला, "आज नको गं. अंगात बळ नाही." त्यानंतर रोज तेच. चार शब्द ओरडल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. छोटी दोन्ही हातांनी त्यांचं दार थोपटते आणि माझ्याकडे वळून बघते. तिला काय सांगू?

म्हणून हे लिहिलं. डाव्या पायाचा, तपकिरी, पुढून खरवडलेला, नाडीला दोन गाठी, कारण काका पडायला फार घाबरायचे. गटाराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या सगळ्यांना एवढं सांगा. सापडला तर काकूंना तसाच दाखवू नका, माझ्याकडे आणा. धुऊन, वाळवून मीच नेईन.

फक्त अंगणातून येऊ नका. ह्यांनी चर बुजवला, भोकही बुजवलं, आणि पाणी आता पोटरीपर्यंत आहे.