‘बालसंगत’ची आवक पेटी

दिवसभर मूल सांभाळणारा माणूस रिकामा असतो, याबद्दल कोणत्याही दोन माणसांत मतभेद झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मूल सांभाळणारा हा तिसरा माणूस असतो. पण त्याचं मत कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ते पूर्ण ऐकू येईल इतकी शांतता त्याच्या घरात नसते.

मी स्वतः अकरा वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, त्याला क्रमांक द्यायचा, वहीत त्याचा विषय लिहायचा आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा, एवढं माझं काम. कागदात कोणी काय मागितलंय हे समजून घेणं माझ्या कक्षेत येत नव्हतं. (अकरा वर्षांत मी एकदाही कक्षा ओलांडली नाही, असं माझ्या सेवापुस्तकात चांगल्या अक्षरात लिहिलेलं आहे.)

मुलगी झाल्यावर कोणी घरी राहायचं हा प्रश्न आला. बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. “रक्त कोणालाही तपासता येत नाही. शिक्का कोणालाही मारता येतो,” असं ती म्हणाली आणि विषय निकाली निघाला. कचेरीने निरोपसमारंभात मला माझाच शिक्का भेट दिला. मी घरी बसलो.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण त्याला ती ओ देत नाही. पहिली साडेतीन वर्षं मी तिच्याशी नुसता खेळलो. हे आज लिहिताना संकोच वाटतो. ती चेंडू माझ्याकडे ढकलायची, मी तिच्याकडे ढकलायचो, दिवसाला सरासरी साडेतीनशे वेळा. उद्दिष्ट नाही, आढावा नाही, अहवाल नाही. दोघांनाही भरपूर आनंद व्हायचा, आणि तो तसाच वाया जायचा.

याच सुमारास घरबसल्या, मूल सांभाळता सांभाळता, जवळजवळ बिनभांडवली ऑनलाइन व्यवसाय करण्याची चळवळ माझ्या फोनपर्यंत येऊन पोचली. मी एकेचाळीस यशस्वी पालकांचे व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाने फक्त एक फोन आणि एक स्वप्न घेऊन सुरुवात केली होती. सगळ्यांचे शर्ट पांढरेशुभ्र होते. मागे झाडाची कुंडी होती, सोफ्यावर एकही डाग नव्हता आणि मूल कुठेही दिसत नव्हतं. (हे यशाचं लक्षण आहे, असं माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाकीचं लक्षात यायला वेळ लागला.)

मग मी उपलब्ध साधनसामग्रीची यादी केली:

१) फोन – आहे.
२) कार्यालय – स्वयंपाकघरातलं टेबल, जेवणाच्या वेळा सोडून.
३) अनुभव – साडेतीन वर्षं, चेंडू ढकलण्याचा.
४) मूल – एक, चालू स्थितीत.

या यादीतून व्यवसाय आपोआपच निघाला. त्याचं नाव ‘बालसंगत’. आईबापांनी मुलासोबत खेळायचा एक नवा खेळ आम्ही रोज सकाळी सात वाजता त्यांच्या फोनवर पाठवायचा. त्याला खेळपत्र म्हणायचं. वर घोषवाक्य: ‘मुलाला वेळ द्या. कसा द्यायचा ते आम्ही सांगतो.’ खाली बारीक अक्षरात: ‘प्रत्येक खेळ घरच्या मुलाबरोबर खेळून पारखलेला.’ पहिल्या आठवड्यात तीन ग्राहक मिळाले. एक बायको, दुसरी तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण आणि तिसरा मी. (पत्र वेळेवर पोचतं की नाही हे पाहायला कोणीतरी हवंच होतं.) मग मैत्रिणीने आणखी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि दोन महिन्यांत आकडा दोनशे चौदावर गेला.

पहिले बारा खेळ मी भिंगरीबरोबर खरोखर खेळलो. अडचण तेराव्याला आली. खेळ खेळायला वीस मिनिटं लागत, तर तो लिहायला, त्याचा फोटो काढायला आणि फोटोतून वाळत घातलेले कपडे काढून टाकायला चार तास. या चार तासांत भिंगरी दर तीन मिनिटांनी येऊन म्हणे, “बाबा, चेंडू?” मुलाला वेळ कसा द्यावा, या विषयावर एकाग्र चित्ताने लिहिणाऱ्या माणसापुढची सर्वांत मोठी अडचण म्हणजे मूल, हा निष्कर्ष मला नाइलाजाने काढावा लागला.

पण कचेरीत अकरा वर्षं काढलेला माणूस अशा अडचणीने हात टेकत नाही. मी बुटांचं एक रिकामं खोकं घेतलं, झाकणाला फट पाडली आणि फ्रिजवर पुढील नियम लावला:

‘कार्यालयीन वेळेत (सकाळी दहा ते सायंकाळी पाच) कोणतीही मागणी तोंडी स्वीकारली जाणार नाही. मागणी कागदावर मांडून आवक पेटीत टाकावी. पेटी दर शनिवारी उघडण्यात येईल. अपवाद: शी, शू, तहान, रक्त.’

(‘भूक’ हा अपवाद बायकोच्या लेखी हरकतीनंतर समाविष्ट करण्यात आला.)

भिंगरीला वाचता येत नाही, म्हणून नियम मी तिला तोंडी समजावला. तिने तो इतक्या गांभीर्याने घेतला की माझ्या जुन्या साहेबांची आठवण झाली. लिहिता येत नसल्यामुळे ती चित्र काढायची, कागदाची चार घड्यांची घडी करून फटीत ढकलायची आणि खोक्याला कान लावून तो तळाशी पडल्याची खात्री करून घ्यायची. शनिवारी मी पेटी उघडून प्रत्येक कागदावर शिक्का मारायचो, वहीत नोंद करायचो. आवक क्रमांक एक, विषय: दोन आकृत्या, एक मोठी, एक लहान, मध्ये वाटोळी वस्तू. क्रमांक दोन, वरीलप्रमाणे. क्रमांक तीन, वरीलप्रमाणे. भिंगरी शेजारी बसून दर शिक्क्याला टाळी वाजवायची. शिक्का मारला म्हणजे काम झालं असं तिला वाटे. (याबद्दल तिला दोष देता येणार नाही. आमच्या कचेरीतही सगळ्यांना तसंच वाटायचं.)

नोंद झाल्यावर कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा, ही माझी सवय. घरात पुढचं टेबल नव्हतं. म्हणून मी ते सगळे परत खोक्यात भरून खोकं कपाटावर सरकवत असे आणि सोमवारी खाली काढत असे.

तरीही आवाज राहिलाच. कागदावर रंगीत खडू घासल्याचाही आवाज होतो, हे फार कमी लोकांना माहीत असेल. म्हणून मी भिंगरीला तासभर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींकडे ठेवायला लागलो. मावशी पँटी आखूड करतात, चेनी बदलतात, बटणं लावून देतात. तासाचे दोन झाले, दोनाचे पाच, आणि मग भिंगरी सकाळी पेटीत एक कागद टाकून दहाच्या ठोक्याला खाली जाऊ लागली. मावशींनी तिला बटणांचा डबा दिला. त्या तिच्याशी फार बोलत नाहीत, कसले खेळ घेत नाहीत. फक्त ती काही म्हणाली की मशीन थांबवतात. यात कामाचा किती वेळ फुकट जातो हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

इकडे ‘बालसंगत’ जोमात होती. मूल घरात नसल्यामुळे खेळ भराभर सुचत होते. साठाव्या खेळानंतर मी ग्राहकांची पाहणी केली. दोनशे चौदांपैकी एकशे एकतीस जणांना खेळपत्र वाचून चांगलं पालक असल्याचं समाधान लाभलं. बावन्न जण येत्या रविवारी खेळणार होते. तेवीस जणांनी पत्र नवऱ्याला किंवा बायकोला पाठवलं होतं (आणि त्यांनी ते तसंच परत पाठवलं होतं). सात जणांचं उत्तर आलं नाही. खेळ प्रत्यक्ष खेळलेला ग्राहक एक.

त्याचीच तक्रार आली.

खेळ क्रमांक त्रेसष्ट, ‘खोक्याची बोट’. पालकाने आणि मुलाने मोठ्या खोक्यात समोरासमोर बसून दोन पळ्यांनी वल्ही मारायची. मला तो फार हृद्य वाटला होता. ग्राहकाने लिहिलं होतं: “मूल बसलं. मी बसलो. मूल उठून गेलं. मी उठू शकत नाही. बायको संध्याकाळी येईल. हा खेळ तुम्ही स्वतःच्या मुलाबरोबर खेळून पाहिला होता का?” सोबत फोटो होता. माणूस गुडघे कानांना लावून बसला होता आणि त्याच्या हातात पळी होती.

मला घाम फुटला. बारीक अक्षरात का होईना, पण पत्राखाली छापलेलं वाक्य माझंच होतं. निदान यापुढचा खेळ तरी पारखून घ्यावा म्हणून मी तडक खाली गेलो. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा.

भिंगरी मावशींच्या मशीनशेजारी पालथ्या टोपलीवर बसली होती. चार भोकांची बटणं एका झाकणात, दोन भोकांची दुसऱ्या.

“चल गं भिंगरी, खेळायचंय.”

तिने मान वर केली नाही. “कागद आणलास?”

“कसला कागद?”

“तोंडी नाही चालत.”

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मशीन थांबवली. “अहो, नियमच आहे तिचा. मलाही रेघोट्या ओढून द्याव्या लागतात. माझ्या ती लगेच बघते, एवढंच.”

“मावशींचा लगेच बघतेस, मग माझा का नाही?”

“मावशी मशीन थांबवते,” भिंगरी म्हणाली आणि एक बटण उजेडात धरून त्याची भोकं मोजू लागली.

मी वर आलो आणि आवक पेटीचं झाकण काढलं. एकशे बारा कागद होते, सोमवार-मंगळवारचे दोन सोडून सगळे शिक्का मारलेले. जमिनीवर बसून मी ते एकेक वाचायला घेतले. अकरा वर्षांची नोकरी आणि चार वर्षांचं बाप असणं धरून पंधरा वर्षांत मी प्रथमच कक्षा ओलांडली. पहिल्या शहाण्णव कागदांवर तेच होतं. मोठा मी, छोटी ती, मध्ये चेंडू. सत्त्याण्णवव्यापासून मी टेबलामागे सरकलो होतो आणि मला तोंड नव्हतं. एकशे पाचपासून मी नव्हतोच. तिथे मशीन होती आणि बारीक बारीक पुष्कळ गोल होते. ती बटणं होती. चेंडू कुठेच नव्हता. वहीत मात्र माझ्या सुवाच्य अक्षरात शेवटच्या नोंदीपर्यंत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेलं होतं.

मला फार वाईट वाटलं. हे असंच लिहितो, कारण याला कचेरीतला दुसरा शब्द मला सापडला नाही.

मग मी खडू घेतला. एक मोठी आकृती काढली, एक लहान, मध्ये चेंडू. शिक्का मारला, चार घड्या घातल्या आणि खाली जाऊन दोन्ही हातांनी सादर केला. भिंगरीने कागद उलगडला, उलटा धरला, सुलटा धरला.

“हा बटाटा आहे.”

“चेंडू आहे गं.”

“बरं,” ती म्हणाली आणि कागद एका रिकाम्या झाकणात ठेवून त्यावर बटण दाबून ठेवलं. “शनिवारी बघते.”

संध्याकाळी बायको घरी आल्यावर मी तिच्याकडे दाद मागितली. तिने हातपाय धुतले, माझं सगळं ऐकलं, खोक्यातले चार-पाच कागद पाहिले आणि म्हणाली, “नमुना दिला आहेस ना? मग थांब आता. निकाल शनिवारी.”

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवसांत मी एकही ओळ लिहू शकलो नाही. कोणीतरी आपला कागद ठेवून घेतला आहे आणि वाचलेला नाही, या अवस्थेत माणूस काय काय विचार करतो, याची मला कचेरीत असताना कल्पना नव्हती.

शनिवारी मावशींकडे भिंगरीने झाकणातलं बटण उचललं, कागद पाहिला, मला थोडं ताटकळत ठेवलं आणि वर घरी येऊन कपाटाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना जळमटं लागली होती आणि हातात चेंडू होता. आम्ही जमिनीवर समोरासमोर पाय पसरून बसलो. तिने ढकलला, मी ढकलला. ती खिदळत होती. मी इतका खूश होतो की नीट मोजायचंही विसरलो. सतराव्या की अठराव्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिठ्ठी टाका, वाट पाहा, मग चेंडू खेळा. काय सुंदर खेळपत्र होईल! शिवाय पारखलेलं. विसरायच्या आत टिपून ठेवावं म्हणून मी फोन घेतला आणि म्हणालो, “एक मिनिट हं.”

मान वर केली तेव्हा चेंडू टेबलाच्या पायाशी होता आणि खालून मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

ते खेळपत्र तुफान चाललं. दोनशे चौदांपैकी दोनशे नऊ जणांनी लाल बदाम पाठवले. खोक्यातल्या गृहस्थांनी डोळे पाणावल्याचं कळवलं. माझा दुसरा कागद सध्या भिंगरीच्या झाकणात आहे. या वेळी चेंडू बराच गोल आला आहे. शनिवारला अजून अवकाश आहे, म्हणून रिकाम्या वेळात हे एवढं लिहून काढलं.

तुम्हीही ते इथवर वाचलंत, याबद्दल आभार. मधे कधीतरी कोणी जवळ आलं असेल आणि मान वर न करता तुम्ही “एक मिनिट” म्हणाला असाल. ते कोण होतं हे आठवत नसेल तर हरकत नाही. त्यांच्याकडे नोंद झालेली आहे.