उलटं घमेलं

दौलतकाका माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. ते पावलावरून ओळखतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं ओळखतात.

त्यांची सगळी नोकरी बैहरकडच्या जंगलात झाली. ते वनखात्यात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे एका बीटाचा, जंगलाच्या नेमून दिलेल्या तुकड्याचा, गार्ड. बीटातच झोपडीवजा क्वार्टर, बीटातच मुक्काम आणि सकाळी उठून माती वाचणं. निवृत्त होऊन बालाघाटला आले, माझ्या शेजारी राहू लागले, पण मान काही वर झाली नाही. रस्त्यात भेटले की आधी माझ्या चपलांकडे पाहतात, मग म्हणतात, "मास्तर, डावा पाय घासून राह्यला तू. कंबर धरली का?" माझी कंबर ठणठणीत असते. चप्पल जुनी असते.

एकदा त्यांच्या झाडाचे पेरू चोरीला गेले. काकांनी आम्हा सगळ्यांना अंगणाबाहेर थांबवलं आणि उकिडवे बसून माती पाहिली. "माणूस वयाचा हाय. वजनदार. उजव्या हातात काही जड होतं. ताजा हाय, सकाळचाच." मग ते माग काढत निघाले. माग घराला वळसा घालून नळावर गेला, नळावरून न्हाणीत गेला आणि न्हाणीतून काकांच्या खाटेपाशी येऊन संपला. सकाळी बादली घेऊन तेच तिकडे गेले होते. त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "चोर हुशार हाय. माझ्या पावलात पाऊल टाकून गेला."

त्यांच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे, एक लोखंडी घमेलं कायम उलटं पडलेलं असतं. भोवती मातीचा छोटा बांध, वर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर वीट. त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही. समोरच्या शांताबाईंनी एकदा सांडगे घालायला घमेलं मागितलं, तेव्हा काका दारात आडवे उभे राहिले.

"खाली पुरावा हाय. साहेब यायचे हायेत."

जंगलात वाघाचं पाऊल सापडलं की त्यावर घमेलं उलटं घालून ठेवायचं, साहेब येऊन पाहीपर्यंत कोणी हलवायचं नाही, असा त्यांच्या खात्याचा रिवाज होता. तेवढं आम्हाला ठाऊक होतं. पण निवृत्त नाकेदाराच्या अंगणात कोणते साहेब येणार आणि आमच्या वॉर्डातून कोणता वाघ गेला, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. मी तर नाहीच. माझ्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. बैहरच्या शाळेतून इथल्या कॉलेजात नाव घालायला माझ्यासोबत कोणी यायला नव्हतं, तेव्हा काका खाकी पॅन्ट घालून आले होते आणि खिडकीवरच्या बाबूला म्हणाले होते, "याले आत घ्या, पोट्टं सरळ चालते." त्यांना मी काय प्रश्न विचारणार?

काकांचा मुलगा मिलिंद मस्कतला क्रेनच्या कामावर इंजिनिअर आहे. बायको स्वाती तिथेच असते आणि मुलगी आर्या अकरा वर्षांची. यंदा कंपनीने मिलिंदला वाळवंटातल्या साइटवर टाकलं. तिथे शाळा नाही. म्हणून आर्याला भारतात, बोर्डिंग असलेल्या इंटरनॅशनल शाळेत घालायचं ठरलं. मिलिंदने फोनवर सांगितलं, "बाबा, नागपूरकडच्या दोन शाळा काढल्यात. तुम्ही एकदा डोळ्याखालून घाला. सरांना सोबत न्या." सर म्हणजे मी. मी सरकारी शाळेत इंग्रजीचा अतिथी शिक्षक आहे, त्यामुळे वॉर्डातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं.

बातमी फुटल्यावर शांताबाई कुंपणाशी आल्या. आमच्याकडे बोर्डिंग म्हणजे ज्याच्या घरी खायचे वांधे, त्याच्या पोराला फुकट राहायची जागा. त्या कळवळून म्हणाल्या, "काहून हो भाऊ, नातीले बोर्डिंगात टाकून राह्यले? मिलिंदचं तेथं काही बरोबर नाही का?"

"हे पैसेवाल्याईचं बोर्डिंग हाय, शांताबाई. घोडे हायेत तेथं."

"घोडे कायले?"

"मले काय मालूम? पाहा लागते जाऊन."

शाळेची माहितीपत्रकं मी मोबाईलवर वाचून दाखवली. काका बाकीचं ऐकत नव्हते. पण एका वाक्यावर त्यांनी हात वर केला. परदेशातल्या पालकांनी भारतात एक लोकल गार्डियन नेमणं जरुरी आहे, असं ते वाक्य होतं.

"थांब. काय म्हणलं? गार्ड?"

"गार्डियन, काका."

"म्हंजे गार्डच्या वरची पोस्ट."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण काका उठून आत गेले होते. सगळी नोकरी त्यांची गार्ड म्हणूनच संपली. डेप्युटी रेंजरचं प्रमोशन दरवर्षी येऊन राह्यलं होतं, आलं नाही. ते बाहेर आले ते ट्रंकेतला जुना पट्टा घेऊन. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर, पीठगिरणीवर आणि शांताबाईंकडे कळलं होतं की दौलतकाका गार्डियन झाले.

आम्ही सकाळच्या बसने निघालो. राजेगावला मध्य प्रदेशची हद्द ओलांडली तसे काका सीटवर सरळ बसले. "आपलं जंगल संपलं. आता दुसऱ्याचं डिव्हिजन. नीट बस." मी नीट बसलो.

पहिल्या शाळेत काचेचा स्वागतकक्ष होता आणि त्यात हातात टॅबलेट घेतलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी हसून विचारलं, "आप बच्ची के...?"

"गार्डियन," काका म्हणाले. आणि सवयीने टाचा जुळवल्या.

मॅडमनी तरणतलाव दाखवला, संगीताची खोली दाखवली, घोडे दाखवले. घोड्यांपाशी काका जरा रमले. त्यांनी खुरांचे ठसे पाहून एक घोडा आजारी असल्याचं सांगितलं. घोडेवाला म्हणाला, तो आजच विकत आणलाय, हे ठसे त्याचे नाहीतच. मग आम्ही मैदानावर गेलो. मैदानावर हिरवी चटई होती, कृत्रिम गवताची. भोवती सगळीकडे सिमेंटच्या फरश्या. काका वाकले, हाताने चटई दाबली, पुढे गेले, पुन्हा वाकले. मॅडमना वाटलं काही हरवलंय.

"सर, कुछ गिर गया क्या?"

"मॅडम, यहाँ तो पाँव ही नहीं उमटता."

"जी?"

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, यायले सांग. जेथं पाय उमटत नाही तेथं पोट्टी रुसून कुठं जाऊन बसली, तं शोधावं कसं?"

मी याचं जमेल तसं हिंदी केलं. मॅडम म्हणाल्या, सगळीकडे सीसीटीव्ही आहे. काका म्हणाले, "ते ठीक हाय," आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "गार्डियन का क्वार्टर कहाँ है?"

मॅडमनी त्यातलं 'गार्ड' एवढंच ऐकलं आणि आम्हाला गेटवर, वॉचमनच्या केबिनपाशी आणून सोडलं. आत एक खाट होती, पंखा होता, पाण्याचा माठ होता. काका खाटेवर जरा बसले. माठात डोकावले. वॉचमन संशयाने त्यांच्या पट्ट्याकडे बघत होता.

"कौन सी एजन्सी से आये हो, चाचा?"

"वनविभाग."

"रात की ड्यूटी करोगे? उमर हो गयी आपकी."

"चोवीस घंटे की करूँगा," काका म्हणाले.

वॉचमनचा चेहरा उतरला. त्याला वाटलं त्याची जागा गेली. मी त्याला बाजूला घेऊन समजूत काढत होतो, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. ते खिडकीशी उभे होते.

"खोली लहान हाय मास्तर. पण इकडून होस्टेल पुरं दिसते. तिच्या खोलीचा दिवा लागला का नाही, समजन."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बीटाच्या गार्डला बीटातच राहावं लागतं, हे काकांनी जन्मभर पाळलं होतं. लोकल गार्डियन म्हणजे तिथेच, शाळेच्या दारात, राहायला यायचं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ते नातीसाठी शाळा पाहत होते आणि स्वतःसाठी खोली. काकू वारल्यापासून बालाघाटच्या त्यांच्या घरात एकच दिवा लागतो, हे मी रोज माझ्या खिडकीतून पाहत होतो. परतताना बसमध्ये त्यांना खरं सांगायचं ठरवलं. ते खिडकीबाहेर पाहत "ट्रंक मोठी लागन का लहान?" असं पुटपुटत होते. मी नाही सांगितलं.

दोन दिवसांनी पाहिलेल्या दुसऱ्या शाळेचं मैदान मातीचं होतं. लाल, मऊ, नुकतं पाणी मारलेलं. काका गेटवरच थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. मग ते गुडघ्यावर बसले.

"हे पाय. ही पोट्टी उड्या मारत गेली. अन् या दोघी हात धरून. इथं थांबल्या, काही बोलल्या, हसल्या." 

"हसलेलं कसं कळलं काका?"

"टाच वर हाय न!"

सोबतचे खेळाचे सर मला हळूच म्हणाले की मुलींना कालपासून सुट्टी आहे, हे पाय पाइपलाइन खोदणाऱ्या बायांचे आहेत. मी ते पुढे पोचवलं नाही. गेटसमोर एका किराणा दुकानाच्या मागे रिकामी खोली होती. काका तीही पाहून आले.

त्या संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, कशी वाटली?"

"माती चांगली हाय."

"माती? बोर्ड कोणता आहे तिथे?"

"निळा. लोखंडी हाय, गेटवर लावला."

"बाबा, अभ्यासाचा बोर्ड!"

"ते मास्तर सांगते. तू फक्त तीच शाळा कर. पहिली नोको. तेथं जमीनच नाही."

मिलिंदने तीच शाळा केली. बोर्डही चांगला निघाला. आठवड्याने त्याने मला वेगळा फोन केला. लोकल गार्डियन नागपूर शहरातलाच हवा, शाळेशी इंग्रजीत बोलणारा हवा, म्हणून स्वातीच्या बहिणीचं नाव दिलंय. "सर, बाबांना तुम्हीच सांगा ना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी..."

काका अंगणात ट्रंकेला रंग देत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. गार्डियन म्हणजे कागदावरचा माणूस, सुट्टीत मुलीला घरी नेणारा, तिथे राहावं लागत नाही, आणि तो कोण झाला आहे. काकांचा ब्रश चालत होता.

"तेथं कोणीच राह्यत नाही?"

"वॉर्डन राहतात."

"बाई हाय का?"

"हो. बाईच आहेत."

"मंग ठीक हाय. पोट्टीजवळ बाईच पाह्यजे." त्यांनी ट्रंकेचा राहिलेला कोपरा रंगवला, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "चालते अशी आर्डर. शेवटच्या टायमाले बदलते. माझी दोनदा बदलली होती."

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी विचारलं, "भाऊ, कधी जाता ड्यूटीवर?" काका म्हणाले, "पोस्टिंग इथंच झाली." आणि आत गेले.

शाळा सुरू व्हायच्या आधी मिलिंद, स्वाती आणि आर्या बालाघाटला आले. आर्या उंच झाली होती. पायात पांढरे जाड बूट, बोलणं हिंदी आणि इंग्रजी, मराठीतलं फक्त 'आबाजी' आणि 'हौ'. काकांनी तिला दारात पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. बुटांकडे पाहिलं आणि जरा नाराज दिसले.

दुपारी मी अंगणात आलो तेव्हा ती घमेल्याजवळ उभी होती. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने वीट बाजूला ठेवली, कागद काढला आणि घमेलं उचललं.

खाली वाळलेल्या मातीत एक उघडं पाऊल होतं. डावं. लहान मुलाचं, पाचही बोटं वेगवेगळी उमटलेली, टाचेपाशी एक बारीक भेग.

"आबाजी! ये किसका है?"

काका दारात आले होते. मला वाटलं ओरडतील.

"तुझं हाय," ते म्हणाले. "मागं आली होती न तू, आजी होती तवा. नळाखाली खेळली अन् इकडून पळत गेली."

आर्याने बूट काढला, मोजा काढला आणि आपला पाय त्यात ठेवू लागली. काका भराभर पुढे आले. "आत नोको, आत नोको. बाजूले ठेव." त्यांनी तांब्याने पाणी आणून माती भिजवली, हाताने सारखी केली आणि तिचा घोटा धरून पाय हळूच दाबला. मग काढला. दोन पावलं शेजारी शेजारी. काका उकिडवे बसून कितीतरी वेळ पाहत होते. या वेळी त्यांनी वय, वजन काहीच सांगितलं नाही.

"आबाजी, आप मिलने आओगे ना स्कूल में?"

"हौ."

"पक्का?"

"हौ न. आतमंदी घेते का नाही मालूम नाही. गेटवर येईन. तू मैदानात ये, बूट काढून."

मिलिंद मागे येऊन उभा होता. मग वाकून त्याने घमेलं उचललं आणि दोन्ही पावलांवर ठेवून पाहिलं. ते पुरेना. आर्याची नवी बोटं बाहेर राहिली.

कुंपणापलीकडून शांताबाईंनी हाक दिली, "आले का हो भाऊ, तुमचे साहेब?"

"आले," काका म्हणाले. "पाहून गेले. पण अजून यायचे हायेत." आणि माझ्याकडे न पाहता, मातीकडेच पाहत म्हणाले, "मास्तर, सायकल काढ. मोठं घमेलं आण."